कराचीचे सेंट पॅट्रिक्स हायस्कूल : नामवंत विद्यार्थी आणि गोमंतकीय धागा

भारताचे एक उपपंतप्रधान, पाकिस्तानचे दोन राष्ट्राध्यक्ष व दोन पंतप्रधान, पाकिस्तानचे पहिले कार्दिनल आणि पाकिस्तानच्या कसोटी संघातून खेळलेला पहिला बिगरमुस्लिम क्रिकेटपटू, अशी ही नामावली एकाच शाळेची आहे. कराचीच्या सदर भागातील सेंट पॅट्रिक्स हायस्कूल ही ती शाळा. उपखंडातील राजकारणाचा विषय निघाला की लालकृष्ण अडवाणी आणि परवेझ मुशर्रफ एकाच शाळेत शिकले, एवढा उल्लेख हमखास होतो. मात्र या शाळेच्या इतिहासाला असलेला गोमंतकीय धागा क्वचितच सांगितला जातो. शाळेच्या नामवंत विद्यार्थ्यांचा आणि त्यांच्यामागे उभ्या असलेल्या गोमंतकीय समाजाचा परिचय येथे करून दिला आहे.

स्थापना आणि परिसर

ब्रिटिशांनी १८४३ मध्ये सिंध जिंकला आणि कराची हे मासेमारीचे बंदर हळूहळू लष्करी ठाणे व व्यापारी शहर म्हणून वाढू लागले. प्रशासनाच्या दृष्टीने सिंध मुंबई इलाख्याला जोडलेला होता आणि ही व्यवस्था १९३६ पर्यंत टिकली. त्यामुळे कराचीतील मुले मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेला बसत. मराठी माणसाचा या शहराशी संबंधही याच काळातला. सिंधमधील पहिली सरकारी शाळा १८५५ मध्ये कराचीत सुरू झाली. सिंधी भाषेच्या शिक्षणाचा पाया घालणारे शिक्षणाधिकारी नारायण जगन्नाथ वैद्य यांचे नाव त्या शाळेला पुढे देण्यात आले आणि आजही ती ‘एनजेव्ही’ या आद्याक्षरांनी ओळखली जाते.

सेंट पॅट्रिक्सची स्थापना १८६१ ची. जेझुइट पाद्री जे. ए. विली यांनी ती केली. पुढच्याच वर्षी, १८६२ मध्ये, मुलींसाठी सेंट जोसेफ्स कॉन्व्हेंट सुरू झाले. शाळेशेजारचे सेंट पॅट्रिक्स कॅथेड्रल १८८१ मध्ये उभे राहिले. त्या काळच्या कराचीत शाळा समाजवार उभ्या राहत होत्या. अँग्लिकन परंपरेचे कराची ग्रामर स्कूल १८४७ पासून होते, पारशी समाजाची बीव्हीएस शाळा होती आणि १८८५ मध्ये सिंध मदरसतुल इस्लामची भर पडली. सेंट पॅट्रिक्स कॅथलिक धर्मगुरूंनी चालवलेली असली तरी तिचे वर्ग सर्व धर्मांच्या मुलांना खुले होते. तिच्या माजी विद्यार्थ्यांची यादी इतकी संमिश्र असण्याचे हे मुख्य कारण आहे.

सिंधमधील कॅथलिक मिशन १९३० च्या दशकात जेझुइटांकडून डच फ्रान्सिस्कनांकडे गेले. धार्मिक कारभाराच्या दृष्टीने कराची त्या वेळी मुंबईच्या आर्चडायोसिसखाली होती. फाळणीनंतर, १९४८ मध्ये, तिचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला आणि १९५० मध्ये त्याला आर्चडायोसिसचा दर्जा मिळाला.

गोमंतकीय कराचीत कसे आले

एकोणिसाव्या शतकात गोव्यातून बाहेर पडणाऱ्यांच्या वाटा प्रामुख्याने मुंबई, पूर्व आफ्रिका आणि कराचीकडे जात. मुंबईहून जहाजाने कराची गाठता येई. लष्करी छावणीतील भोजनगृहे, रेल्वे, तारखाते, बंदर, जकात आणि व्यापारी पेढ्या यांत कामाला माणसे लागत. इंग्रजी वाचता-लिहिता येणारा, पाश्चात्त्य रीतिरिवाज ठाऊक असलेला आणि बँडमध्ये वाद्य वाजवू शकणारा गोमंतकीय ख्रिस्ती तरुण तेथे लवकर रुजला. बार्देश व सासष्टीतील कुटुंबांची एक वस्ती सदरच्या आसपास आकाराला आली. १८८६ मध्ये या समाजाने आपली संस्था स्थापन केली. आज ती कराची गोवन असोसिएशन या नावाने ओळखली जाते. वास्तुविशारद मोझेस सोमेक यांनी रेखाटलेली तिची दगडी इमारत १९०५ पासून उभी आहे. फाळणीपूर्वी, १९४५ मध्ये, मॅन्युएल मिस्किता हे गोमंतकीय गृहस्थ कराचीचे महापौर झाले. यावरून त्या समाजाने शहरात मिळवलेले स्थान लक्षात येते.

या समाजाची मुले स्वाभाविकपणे सेंट पॅट्रिक्स आणि सेंट जोसेफ्समध्ये गेली. पुढे त्यांतलेच अनेक जण कराचीतील कॅथलिक शाळांमध्ये शिक्षक म्हणून उभे राहिले. घरी कोकणी, चर्चमध्ये लॅटिन, वर्गात इंग्रजी आणि रस्त्यावर सिंधी वा उर्दू असा भाषांचा वावर असलेल्या या शिक्षकांनी कराचीच्या तीन-चार पिढ्यांना इंग्रजी आणि गणित शिकवले.

फाळणीपूर्व पिढी

लालकृष्ण अडवाणी. जन्म ८ नोव्हेंबर १९२७, कराची. सिंधी हिंदू कुटुंबातील अडवाणी १९३६ ते १९४२ या काळात सेंट पॅट्रिक्समध्ये शिकले. पुढचे शिक्षण त्यांनी सिंधमधील हैदराबाद येथील डी. जी. नॅशनल कॉलेजात घेतले. वयाच्या चौदाव्या वर्षी ते राष्ट्रीय स्वयंसेवक संघात दाखल झाले. काही काळ त्यांनी कराचीच्या मॉडेल हायस्कूलमध्ये शिक्षकाची नोकरी केली. सप्टेंबर १९४७ मध्ये त्यांनी कराची सोडली. पुढे ते भारतीय जनता पक्षाचे अध्यक्ष, केंद्रीय गृहमंत्री आणि २००२ ते २००४ या काळात उपपंतप्रधान झाले. २०२४ मध्ये त्यांना भारतरत्न देण्यात आले. जून २००५ मध्ये पाकिस्तानच्या दौऱ्यावर असताना त्यांनी या शाळेला भेट दिली. त्याच दौऱ्यात जिना यांच्या समाधिस्थळी त्यांनी काढलेल्या उद्गारांवरून भारतात वादळ उठले आणि त्याची परिणती वर्षअखेरीस त्यांना पक्षाध्यक्षपद सोडावे लागण्यात झाली.

कार्दिनल जोसेफ कोर्देरो. जन्म १९ जानेवारी १९१८, मुंबई. गोमंतकीय वंशाच्या कुटुंबातील कोर्देरो यांचे शालेय शिक्षण सेंट पॅट्रिक्समध्ये आणि महाविद्यालयीन शिक्षण कराचीच्या डी. जे. सायन्स कॉलेजात झाले. धर्मशिक्षण त्यांनी श्रीलंकेतील कँडी येथे घेतले आणि ऑगस्ट १९४६ मध्ये त्यांना पाद्रीपदाची दीक्षा मिळाली. नंतर ते उच्च शिक्षणासाठी ऑक्सफर्डला गेले. १९५८ मध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, ते कराचीचे आर्चबिशप झाले. त्यापूर्वी हे पद डच धर्मगुरूंकडे होते. १९७३ मध्ये पोप पॉल सहावे यांनी त्यांना कार्दिनल केले. पाकिस्तानातून या पदावर पोहोचलेले ते पहिले धर्मगुरू. पोपच्या निवडीसाठी १९७८ मध्ये भरलेल्या दोन्ही सभांत त्यांनी मतदान केले. फेब्रुवारी १९९४ मध्ये त्यांचे निधन झाले. पाकिस्तानला दुसरा कार्दिनल मिळाला तो २०१८ मध्ये, आणि योगायोग असा की, जोसेफ कूट्स हे दुसरे कार्दिनलही गोमंतकीय वंशाचेच आहेत.

फाळणीनंतरची पिढी

१९४७ हे वर्ष या शाळेच्या हजेरीपटात स्पष्ट दुभागणारी रेघ ओढून गेले. हिंदू कुटुंबे कराचीतून निघाली, तशी त्यांची मुलेही वर्गातून गेली. त्यांच्या रिकाम्या बाकांवर उत्तर भारतातून आलेल्या मुस्लिम निर्वासितांची मुले बसली. गोमंतकीय मात्र तेथेच राहिले. गोवा तेव्हा पोर्तुगिजांच्या ताब्यात होता. दोन्ही नव्या देशांपैकी एकाची निवड करण्याची वेळ या समाजावर हिंदू-मुस्लिम कुटुंबांप्रमाणे एका रात्रीत आली नाही. विद्यार्थी बदलले तरी शाळेची घडी विस्कटली नाही, त्यामागे हे सातत्य होते.

मुहम्मद खान जुनेजो. जन्म १९३२, सिंध. जमीनदार कुटुंबातील जुनेजो यांनी सेंट पॅट्रिक्समधून सीनियर केंब्रिज परीक्षा दिली आणि नंतर इंग्लंडमध्ये शेतीविषयक पदविका घेतली. जनरल झिया-उल-हक यांच्या लष्करी राजवटीत, १९८५ मध्ये, ते पंतप्रधान झाले. लष्करशहाने नेमलेला मवाळ माणूस अशी सुरुवातीची त्यांची प्रतिमा होती. प्रत्यक्षात त्यांनी लष्करी कायदा उठवण्याचा आग्रह धरला आणि अफगाणिस्तानविषयक जिनिव्हा कराराच्या प्रश्नावर झियांचा रोष पत्करला. मे १९८८ मध्ये झिया यांनी त्यांना बडतर्फ केले. १९९३ मध्ये त्यांचे निधन झाले.

परवेझ मुशर्रफ. जन्म ११ ऑगस्ट १९४३, दिल्ली. फाळणीच्या वेळी कुटुंबासह ते कराचीत आले. वडिलांच्या नोकरीमुळे बालपणाची काही वर्षे तुर्कस्तानात गेली. परतल्यावर सेंट पॅट्रिक्समधून त्यांनी १९५८ मध्ये शालेय शिक्षण पूर्ण केले. पुढे लाहोरच्या फोरमन ख्रिश्चन कॉलेजात शिकून ते लष्करी प्रबोधिनीत दाखल झाले. कारगिल युद्धाच्या वेळी ते पाकिस्तानचे लष्करप्रमुख होते. ऑक्टोबर १९९९ मध्ये त्यांनी सत्ता हाती घेतली आणि २००१ ते २००८ या काळात ते राष्ट्राध्यक्ष राहिले. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्यांनी या शाळेच्या आठवणी लिहिल्या असून, पाद्री शिक्षकांच्या छडीचाही त्यांत उल्लेख आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये दुबईत त्यांचे निधन झाले.

जुलै २००१ मध्ये आग्रा शिखर परिषदेसाठी मुशर्रफ भारतात आले तेव्हा अडवाणी केंद्रीय गृहमंत्री होते. एकाचा जन्म कराचीतला आणि कारकीर्द दिल्लीतली, तर दुसऱ्याचा जन्म दिल्लीतला आणि कारकीर्द पाकिस्तानातली. दोघांनीही एकाच वर्षी, उलट दिशांनी, नवी सीमा ओलांडली होती. त्या दौऱ्यात मुशर्रफ यांनी जुन्या दिल्लीतील आपली नहरवाली हवेली पाहिली. चार वर्षांनी अडवाणी यांनी कराचीतील आपली शाळा पाहिली. परिषद मात्र निष्फळ ठरली. एका शाळेत शिकल्याने दोन देशांमधले प्रश्न सुटत नाहीत, हे त्या तीन दिवसांत पुरेसे दिसले.

शौकत अझीझ. जन्म मार्च १९४९, कराची. सेंट पॅट्रिक्समध्ये काही काळ शिकून ते ॲबटाबादच्या पब्लिक स्कूलमध्ये गेले. व्यवसाय व्यवस्थापनाची पदवी त्यांनी कराचीच्या आयबीए संस्थेतून घेतली. सिटी बँकेत तीन दशके उच्चपदे भूषविल्यानंतर मुशर्रफ यांनी त्यांना अर्थमंत्री म्हणून बोलावून घेतले. २००४ ते २००७ या काळात ते पंतप्रधान होते. त्या तीन वर्षांत पाकिस्तानचे राष्ट्राध्यक्ष आणि पंतप्रधान हे दोघेही सेंट पॅट्रिक्सचे माजी विद्यार्थी होते.

आसिफ अली झरदारी. जन्म १९५५, कराची. त्यांच्या शिक्षणात कराची ग्रामर स्कूल आणि पेटारो येथील कॅडेट कॉलेजबरोबरच सेंट पॅट्रिक्सचाही समावेश आहे. मुशर्रफ यांनी राजीनामा दिल्यावर सप्टेंबर २००८ मध्ये ते राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले. २०१३ पर्यंत ते त्या पदावर होते आणि मार्च २०२४ मध्ये पुन्हा त्याच पदावर आले. म्हणजे लागोपाठ निवडून आलेले दोन राष्ट्राध्यक्ष याच शाळेतले. झरदारी यांच्या पत्नी बेनझीर भुट्टो यांचे शालेय शिक्षणही कराचीतील कॉन्व्हेंट ऑफ जीझस अँड मेरी या कॅथलिक संस्थेतच झाले होते.

मैदानावरचे विद्यार्थी

कराचीतील शालेय क्रिकेटमध्ये रूबी शिल्ड स्पर्धेला मुंबईच्या हॅरिस व गाइल्स शिल्डसारखे महत्त्व होते आणि सेंट पॅट्रिक्स हा त्या स्पर्धेतील नावाजलेला संघ होता. या मैदानातून पुढे गेलेली दोन नावे गोव्याच्या वाचकाला विशेष जवळची वाटावीत.

वॉलिस मथायस. जन्म ४ फेब्रुवारी १९३५, कराची. गोमंतकीय कुटुंबातील मथायस हे पाकिस्तानकडून कसोटी क्रिकेट खेळलेले पहिले बिगरमुस्लिम खेळाडू. १९५५ ते १९६२ या काळात ते २१ कसोटी सामने खेळले. मधल्या फळीतील फलंदाजीपेक्षाही स्लिपमधील क्षेत्ररक्षणासाठी त्यांचे नाव अधिक झाले. वेगवान गोलंदाज फझल महमूद यांच्या काळात त्या जागी भरवशाचे हात असणे संघाला किती मोलाचे होते, हे जाणकार सांगू शकतील. सप्टेंबर १९९४ मध्ये त्यांचे निधन झाले.

अंताव डिसोझा. जन्म १७ जानेवारी १९३९, नागवा, गोवा. गोव्याच्या भूमीत जन्मून पाकिस्तानसाठी कसोटी खेळलेले हे मध्यमगती गोलंदाज १९५९ ते १९६२ या काळात सहा कसोटी सामन्यांत दिसले. १९६२ च्या इंग्लंड दौऱ्यात एक गंमत घडली. शेवटच्या क्रमांकावर फलंदाजीला येऊन बहुतेक डावांत नाबाद राहिल्यामुळे कसोटी मालिकेत त्यांची फलंदाजीची सरासरी ५३ झाली आणि संघाच्या सर्व फलंदाजांत ती सर्वाधिक ठरली. उत्तरायुष्यात ते कॅनडात स्थायिक झाले.

यादी कशी वाचावी

कोणत्याही शाळेच्या नामवंतांची यादी वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली गोष्ट कालावधीची. अडवाणी या शाळेत सहा वर्षे होते, तर झरदारी आणि अझीझ यांचा संबंध त्या मानाने अल्प. यादीत सर्वांची नावे एका ओळीत येतात, पण शाळेचा ठसा सर्वांवर सारखाच उमटला असेल असे मानण्याचे कारण नाही. दुसरी गोष्ट श्रेयाची. सत्ताधीश घडवले म्हणून शाळेला श्रेय द्यायचे, तर त्यांच्या निर्णयांचा दोषही तिच्या माथी मारावा लागेल. लष्करी बंड करणारा सेनापती आणि लष्करशहापुढे न वाकलेला पंतप्रधान ही दोन्ही माणसे येथेच शिकली. शाळेने त्यांना दिले ते इतकेच : उत्तम इंग्रजी, शिस्त आणि परधर्मीय मुलांशेजारी बसण्याची सवय.

या यादीत शिक्षकांची नावे येत नाहीत, ही तिची खरी उणीव आहे. राष्ट्राध्यक्षांची नावे जगाला ठाऊक आहेत. त्यांना शुद्धलेखन शिकवणाऱ्या गोमंतकीय शिक्षकांची नावे त्यांच्या विद्यार्थ्यांच्या आठवणींपलीकडे फारशी उरलेली नाहीत.

पांगलेला समाज

१९६१ मध्ये गोवा मुक्त होऊन भारतात सामील झाला आणि कराचीतील गोमंतकीयांची कोंडी झाली. त्यांचे मूळ गाव आता अशा देशात होते, ज्याच्याशी त्यांच्या राहत्या देशाचे १९६५ आणि १९७१ मध्ये युद्ध झाले. गणेश चतुर्थीला किंवा नाताळला मुंबईहून गावी यावे तसे कराचीहून येणे अशक्य झाले. १९७२ मध्ये झुल्फिकार अली भुट्टो यांच्या सरकारने अनेक खासगी शिक्षणसंस्था ताब्यात घेतल्या. त्यांत १९५२ मध्ये स्थापन झालेले सेंट पॅट्रिक्स कॉलेजही होते. ते चर्चकडे परत येण्यास तीन दशकांहून अधिक काळ लागला. झियांच्या काळात देशाचे वातावरण अधिक कडवे झाले. या साऱ्याचा परिणाम म्हणून १९७० नंतर गोमंतकीय कुटुंबे मोठ्या संख्येने कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंडकडे निघून गेली. मागे उरलेला समाज आज अगदी थोडका आहे.

या स्थलांतराचे पडसाद गोव्यात आजही उमटतात. पाकिस्तानात गेलेल्या व्यक्तींच्या नावावरील घरे व जमिनी १९६८ च्या शत्रू मालमत्ता कायद्याखाली आल्या. गोव्यातही अशा मालमत्ता आहेत आणि पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहणाऱ्या नातेवाइकांना त्याचे परिणाम सोसावे लागत आहेत. दुसरी अडचण ओळखपत्राची. कधीकाळी पाकिस्तानचे नागरिक असलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना परदेशस्थ भारतीय नागरिकत्वाचे, म्हणजेच ओसीआय, कार्ड मिळत नाही. त्यामुळे कराचीत जन्मलेला आणि आज टोरांटोत राहणारा बार्देशचा माणूस कॅनडाचे पारपत्र घेऊनही आजोबांच्या गावी सहजपणे येऊ शकत नाही. आजोबा गेले तेव्हा कराची मुंबई इलाख्यात होती आणि ते पोटासाठी गेले होते. नातवाच्या अर्जावर मात्र त्याचा अर्थ वेगळा लावला जातो.

आजची स्थिती

शाळेने २०११ मध्ये स्थापनेची दीडशे वर्षे पूर्ण केली. कराचीच्या कॅथलिक आर्चडायोसिसच्या देखरेखीखाली ती आजही सुरू आहे आणि तिच्यातील विद्यार्थी बहुसंख्येने मुस्लिम आहेत. सदरच्या गजबजाटात कॅथेड्रलचे मनोरे आणि त्यालगतची शाळेची जुनी इमारत अजून उभी आहे.

गोव्यात परदेशी गेलेल्यांच्या कहाण्यांना तोटा नाही. मुंबईच्या कुडांवर, पूर्व आफ्रिकेतील गोमंतकीयांवर, आखाती देशांतील नोकरदारांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. कराचीचा अध्याय मात्र सीमेपलीकडे गेल्यामुळे आपल्या नोंदींतून निसटत चालला आहे. ज्यांच्या घरात त्या शाळेचे एखादे प्रगतिपुस्तक, संघाचे छायाचित्र किंवा शिक्षक असलेल्या आजोबांचे पत्र अजून शिल्लक असेल, त्यांनी ते जपून ठेवावे. त्या शिक्षकांची नावे कुठे सापडली, तर ती अशाच कागदांत सापडतील.